जुनी रॉबिन्सन रंधा मशीन उचललीय, चौकोनी ब्लॉक आणि व्हाईट मेटलचं बेअरिंग आहे, काय ठेवू काय काढू?

पांझराकाठचा_सुतार (धुळे)

नमस्कार मंडळी. आमचं फर्निचरचं छोटं दुकान आहे, दारं-खिडक्या, देव्हारे, मधूनमधून बैलगाडीचं काम. शिरपूरकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमधून एक जुनी रंधा मशीन वजनावर उचलली, म्हणजे भंगाराच्याच भावात. शेडवाल्याला ती पत्र्याखालून हलवायची होती आणि मला ती पाहिल्यावर सोडवेना.

बारा इंची आहे. दोन्ही टेबलं मिळून सहा फुटाच्या आसपास. खालचा पाया बिडाचा, एकाच तुकड्यात ओतलेला, त्यावर रंगाच्या तीन-चार थरांखाली उठावाची अक्षरं होती, घासल्यावर थॉमस रॉबिन्सन अँड सन, रॉचडेल एवढं वाचता आलं. ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरणारा ठोकळा, गोल नाही, चौकोनी आहे, समोरासमोरच्या दोन बाजूंना पाती आणि ती चौकोनी डोक्याच्या बोल्टने आवळलेली. शाफ्ट दीड इंची. दोन्हीकडे बेअरिंगच्या जागी व्हाईट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतलेलं, एका बाजूचं चकचकीत आहे पण पुलीकडचं पार खाल्लंय, शाफ्ट हाताने वरखाली हलतो. पुली सपाट पट्ट्याची, चार इंची. मोटर कधी नव्हतीच, वरच्या लाईनशाफ्टवरून, म्हणजे सगळ्या मशिनी फिरवणाऱ्या लांब दांड्यावरून, पट्टा यायचा. मागच्या टेबलाच्या एका कोपऱ्याला बारीक तडा पण आहे आणि गंज तर विचारू नका.

आता मला ही शोकेसमध्ये ठेवायची नाहीये, चालवायची आहे. सागाच्या चौकटी मारायला सध्या जी छोटी मशीन आहे ती लांब लाकडाला डोलते. दुकानात सिंगल फेजच आहे, थ्री फेज मळ्यात आहे पण तो मळा पडला गावाबाहेर. व्हाईट मेटल परत ओतायचं का सरळ बॉल बेअरिंग टाकायचं, मोटर किती एचपीची, चौकोनी ब्लॉक चालेल का, पट्टा सपाटच ठेवू का व्ही बेल्ट करू, असं सगळंच विचारायचंय. ज्यांनी असलं काही केलंय त्यांनी सांगा, बाकीच्यांनी "भंगारात दे" सांगू नका, ते घरचे रोज सांगून राहिले.

---

अजिंठारोड_टर्नर (जळगाव)

भो एकदम सोपं आहे. व्हाईट मेटल फेकून दे, कोण ओततो आता ते. दोन प्लमर ब्लॉक (बेअरिंग बसवलेली तयार घरं) घे यूसीपी 208, जिथं आत्ता बेअरिंगच्या टोप्या बसतात तिथं पाया थोडा मिलिंग मारून सपाट करायचा, नवीन भोकं पाडायची, शाफ्ट त्यात टाकायचा. तीन एचपीची मोटर, व्ही बेल्ट, साडेचार-पाच हजार आरपीएम काढ, असं फिनिशिंग देईल की पॉलिशवाला म्हणेल पेपर मारू का नको. आमच्याकडे एमआयडीसीत एका दिवसाचं काम आहे. जुन्याचं कौतुक ठीक आहे पण धंदा करायचा असेल तर वेळ घालवू नको.

---

गिरणीतला_नाना (अमळनेर)

टर्नर भाऊ, राग मानू नका पण पाया मिलिंग करा म्हणताय ते वाचून पोटात गोळा आला. मी गिरणीत फिटर म्हणून आयुष्य काढलंय, आमच्या सुतारखात्यात अशाच मशिनी होत्या, लाईनशाफ्ट गेले मोटारी आल्या तरी त्या मशिनी हलल्या नाहीत.

पांझराकाठच्या भाऊ, तू प्रश्न बरेच विचारले पण त्यातला जीवघेणा एकच आहे आणि तो तू मध्येच कुठेतरी विचारून टाकलास. चौकोनी ब्लॉक चालेल का. चालेल, मस्त चालेल, आणि म्हणूनच तो काढायचा. चौकोनी ब्लॉक फिरतो तेव्हा त्याचे कोपरे मोठा घेर घेतात म्हणून दोन टेबलांमधली फट रुंद ठेवावी लागते, आणि सपाट बाजू समोर आली की त्या फटीत मोठा खड्डा तयार होतो. डोळ्याला काही दिसत नाही, फिरताना सगळं गोलच दिसतं. लाकडाला गाठ आली, लाकूड उडालं, हात खाली गेला, की बोटाचं टोक जात नाही रे, बोटं आत ओढली जातात. गोल ब्लॉकमध्ये पातं जेमतेम मिलिमीटरभर बाहेर असतं, लागलं तर लागतं पण आत जायला जागाच नसते. विलायतेत 1922 च्या वुडवर्किंग मशिनरी रेग्युलेशनमध्येच आलं की हाताने लाकूड सरकवायच्या रंध्याला गोलच ब्लॉक पाहिजे. आपल्या महाराष्ट्र फॅक्टरी रूल्स 1963 मध्ये पण हीच अट आहे. तुझं दुकान फॅक्टरीत मोडो न मोडो, बोटं तीच. जुना ब्लॉक तेल लावून गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेव, विकू पण नको, दुसरा कोणी चालवेल.

आता व्हाईट मेटल. टर्नर भाऊ म्हणतात कोण ओततो. अरे ओतायला काही मंत्र लागत नाही. ही मिश्रधातू 1839 साली आयझॅक बाबिट नावाच्या अमेरिकन माणसाने पेटंट केली, तेव्हापासून जगातल्या निम्म्या मशिनी त्यावर फिरल्या. चांगल्यातलं घ्यायचं म्हणजे कथिलाचं, 89 टक्के कथिल, साडेसात टक्के अँटिमनी, साडेतीन टक्के तांबं असं साधारण असतं. शिशाचं स्वस्त मिळतं पण रंध्याच्या वेगाला कथिलाचंच बरं. जुनं खरवडलेलं परत वितळवू नको, त्यात काय काय मिसळलंय ते कोणाला माहीत.

करायचं असं की बेअरिंगची बिडाची पेटी आधी स्वच्छ, तेलाचा अंश नको. मग पेटी आणि शाफ्ट दोन्ही चांगले गरम करायचे, हात लावला तर चटका बसेल इतके. हे टाळायचं नाही, कारण आत पाण्याचा एक थेंब जरी असला तरी ओतताना त्याची वाफ होऊन धातू तोंडावर उडतो. चष्मा, चामड्याचे हातमोजे, पायात बूट, आणि पावसाळी दिवशी ओतूच नको. शाफ्टवर रॉकेलच्या चिमणीची काजळी धरायची म्हणजे धातू चिकटत नाही. दोन्ही टोकं ओल्या नाही, कोरड्याशा चिकणमातीने बंद करायची, मातीत थोडं तेल कालवलं की ती फुटत नाही. धातू झाला का नाही ते बघायला खोक्याच्या लाकडाची काडी बुडवायची, काडी तपकिरी झाली पाहिजे पण पेटली नाही पाहिजे. थर्मामीटर असेल तर 425 डिग्रीच्या आसपास. ओतायचं एका दमात, मध्ये थांबलास तर थर पडतो आणि तो थर पुढं सुटतो. आधी खालची पेटी, मग मध्ये पातळ पितळी पत्र्याच्या शिम ठेवून वरची टोपी. त्या शिम का, तर पुढं झीज झाली की एक पत्रा काढायचा आणि टोपी खाली बसवायची. बॉल बेअरिंगला ही सोय आहे का सांगा.

मग निळा रंग शाफ्टला लावून फिरवायचा, जिथं डाग उमटेल तिथं स्क्रेपरने हलकं खरवडायचं, परत लावायचा, परत फिरवायचा. ह्यात मात्र घाई करणाऱ्याचं काम नाही. ढिलाई किती ठेवायची तर शाफ्टच्या इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे तुझ्या दीड इंचीला दीड ते दोन थाऊ. मोजायला आम्ही शाफ्टवर शिशाची बारीक तार ठेवून टोपी आवळायचो, उघडली की चपटलेली तार मायक्रोमीटरने मोजायची. तेल 68 नंबरचं घाल, आपल्या उन्हाळ्यात पातळ तेल वाहून जातं. ग्रीस अजिबात नको.

वेग 3600 च्या पुढे नेऊ नको. 1440 च्या मोटरला दहा इंची पुली आणि मशीनला तुझी चार इंची, बरोबर 3600 येतात. लिहिता लिहिता फार झालं.

---

सातपुड्याचा_भो (शहादा)

भो, भंगारमा देऊ नको. आते असं बीड कोठे भेटस. मी धुळाले उनू का देखाले यीसू.

बाकी गंजाचं सांगतो, घासून हात मोडू नको. मळी मिळाली तर बघ, साखर कारखान्याची, जनावराच्या खाद्यात घालतात ती. एक भाग मळी नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या टाकीत सुटे भाग बुडवून ठेव, दोन-तीन आठवडे विसरून जा, गंज आपोआप सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. पितळी, जस्ती, अॅल्युमिनियमचं काही असेल तर आधी काढून घे, त्याला खाते. वास असा सुटतो की शेजारी भांडायला येतात, आणि मळीचा डबा घेऊन जाताना दिसलास तर गावात विचारतील भट्टी कुठं लावली.

---

वायरमन_एरंडोल

लाईटीचं मी बोलतो, मशीनचं मला कळत नाही.

मळ्यातल्या थ्री फेजवर मशीन न्यायचा विचार असेल तर सोड. शेतीचं मीटर शेतीलाच, त्यावर दुकान चालवता येत नाही आणि लाईट पण कधी दिवसा कधी रात्री, सागवान घेऊन रात्री दोनला जाशील का.

सिंगल फेजवर व्हीएफडी लाव, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक डबा. पण इथं लोक फसतात. सिंगल फेज 230 व्होल्ट आत देऊन व्हीएफडी थ्री फेज काढतो पण ती पण 230 च काढतो, 415 नाही. म्हणून मोटर 230 वर डेल्टामध्ये चालणारी पाहिजे (स्टार आणि डेल्टा म्हणजे मोटरच्या आतल्या गुंडाळ्या जोडायच्या दोन पद्धती). आपल्याकडच्या दोन एचपीपर्यंतच्या मोटरी बहुतेक 415 ला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, डबा उघडून पट्ट्या बदलल्या की डेल्टा होऊन 230 वर चालतात. तीन एचपीपासून पुढच्या बहुतेक 415 ला आधीच डेल्टा असतात, त्या ह्या कामाच्या नाहीत, चालेल पण दम निघणार नाही. तेव्हा प्लेट वाचून दोन एचपी घे, डब्यात सहा टोकं आहेत ना ते बघ. बारा इंची रुंद फळी एका झपाट्यात खोल मारायची हौस करायची नाही, थोडं थोडं काढ, दोन एचपीत होतं. इनपुटला 15 अँपिअरच्या आसपास खेचेल म्हणून मीटरपासून वेगळी 4 एमएमची वायर आण, कूलरच्या बोर्डावरून घेऊ नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मळ्यात पंपाला जो ऑटो असतो ना, रात्री लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हायची, तसलं काही ह्या मशीनला चुकून पण नको. लाईट गेली, तू टेबलावरचा भुसा हाताने काढायला गेला, लाईट आली, झालं. व्हीएफडीत पॉवर आल्यावर आपोआप स्टार्ट व्हायची सेटिंग असते ती बंद कर. पुढं थ्री फेज घेतलंस तर डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाईनवर चालू करणारा) लाव, लाईट गेल्यावर त्याची कॉइल सुटते आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. त्या कॉइलला काडी खोचून ठेवणारे पण बघितलेत मी. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये मात्र स्टार्टर किंवा स्विच टाकायचा नाही, चालू-बंद व्हीएफडीच्याच बटणाने.

---

पांझराकाठचा_सुतार

बापरे, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. नाना, ब्लॉकचं वाचून मी तो आजच काढला, आणि खरं सांगतो, टेबलांच्या फटीत माझा आख्खा पंजा आडवा जातो. पत्नीला दाखवलं, ती म्हणाली आता ही मशीन परत दे. तिला गोल ब्लॉकचं समजावून सांगितलंय, अर्धवट पटलंय.

टर्नर भाऊ, गोल ब्लॉक तुमच्याकडे होईल का? आणि शाफ्ट दीड इंचीच ठेवून व्हाईट मेटलवर चालवायचा म्हणजे नानांचंही होईल. दुसरं, चार इंची पुली सपाट आहे, मोटरला व्ही पुली लावून व्ही बेल्ट ह्या सपाट पुलीवरून फिरवला तर चालतो का, गिरणीवाला एक जण म्हणत होता चालतो. तड्याचं पण कोणी बोललं नाही.

---

आयटीआय_मॅडम (नंदुरबार)

तड्याबद्दल मी सांगते. आधी रॉकेलने धुवा, कोरडं करा, खडूची पूड लावून काही वेळाने बघा, आतलं तेल खडूवर येतं आणि तडा नक्की कुठं संपतो ते दिसतं. संपतो तिथं 3 एमएमचं भोक पाडलं की तो पुढं सरकत नाही.

वेल्डिंगची घाई करू नका. बिडाला निकेल रॉड लागतो, आधी गरम करावं लागतं, इंचभर टाका मारून लगेच हातोडीने हलकं ठोकायचं आणि मग राखेत हळूहळू थंड करायचं. आणि हे टेबल आहे, ब्रॅकेट नाही. एका कोपऱ्यात उष्णता दिली की टेबलाला पीळ पडू शकतो आणि मग सहा फुटाचं सरळ टेबल हे जे ह्या मशीनचं वैभव आहे तेच गेलं. कोपरा दाबल्यावर हलत नसेल तर भोक पाडून खालून लोखंडी पट्टी दोन बोल्टने बांधा आणि सोडून द्या. नवीन भोकं एरवी मीही पाडू देत नाही, पण इथं वेल्डिंगपेक्षा ती परवडली, आणि वरून दिसणारही नाहीत.

दोन टेबलं एका पातळीत आहेत का ते स्ट्रेटएज (एकदम सरळ पट्टी) आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्या) सकाळी लवकर बघा. मे महिन्यात दारातून ऊन अर्ध्या टेबलावर येत असेल तर दुपारचं माप धरू नका, तापलेला भाग आणि सावलीतला भाग सारखा राहत नाही.

आणखी एक, त्या रंगाच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता आहे. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, बर्नरने जाळू तर मुळीच नका. रंग मऊ करायचं रिमूव्हर लावून ओला खरवडा, आणि घरातली लहान मुलं त्या दिवशी मामाकडे.

---

अजिंठारोड_टर्नर

नाना मोठे माणूस आहेत, पायाला मिलिंगचं मी मागे घेतो, पण व्हाईट मेटलवर माझं मत तेच आहे. दिवसभर चालणारी मशीन असेल तर कोण दर तासाला तेल बघणार. विसरला की पेटी गेली. भाऊ रोज तास-दीड तास चालवणार असेल तर नानांचं ऐक, दुकानात पोरं ठेवून दिवसभर चालवणार असशील तर बॉल बेअरिंगच. तेव्हा सुद्धा पाया न कापता करता येतं, जुन्या पेटीच्या गोल जागेत बसेल असं बिडाचं घर टर्न करायचं, त्यात सेल्फ अलाइनिंग (शाफ्टच्या रेषेत आपोआप जुळणारं) बेअरिंग, जुनीच टोपी जुन्याच बोल्टने वरून आवळायची. उद्या कोणाला परत व्हाईट मेटल करायचं असेल तर घर काढलं की झालं. आणि यूसीपीचं मी बोललो होतो त्यात एक भर, ते दोन छोट्या स्क्रूने शाफ्टला धरतं, शाफ्ट जरा जरी बारीक असला तर स्क्रू त्याला एका बाजूला ढकलतो आणि ह्या वेगाला मग मशीन थरथरते. पंख्याला, कन्व्हेयरला ठीक, रंध्याला नको.

गोल ब्लॉक मी करणार नाही आणि तू पण कुठल्या लेथवाल्याकडून खाचा पाडून घेऊ नको. पात्याची खाच अशी असते की फिरताना पाचर आणखी आवळली गेली पाहिजे, तो कोन चुकला तर पातं बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. तयार बारा इंची ब्लॉक तीन पात्यांचा मिळतो, मशीनरीवाले राजकोटकडून मागवतात, शाफ्टसकट एकाच तुकड्यातला घे, बॅलन्स केलेला. त्याची शाफ्टची टोकं तुझ्या दीड इंचाला मी टर्न आणि ग्राइंड करून देतो, पण मग परत बॅलन्सिंग करून घ्यायचं, ते सोडायचं नाही. ब्लॉकचा घेर जुन्यापेक्षा लहान येणार म्हणून टेबलांच्या ओठांना, म्हणजे फटीकडच्या कडांना, स्टीलच्या पट्ट्या लावून फट कमी करावी लागेल, जुन्या ओठाला बहुतेक स्क्रूने बसवलेली पट्टी असतेच, ती काढून रुंद पट्टी टाकायची. पाती बदलशील तेव्हा तिन्ही एकाच वजनाची आहेत का ते बघ, धार लावून लावून फरक पडतो. जळगावला येशील तर सराफाकडच्या काट्यावर कर, आमच्या इथं काट्यांना तोटा नाही.

व्ही बेल्ट सपाट पुलीवर चालतो हे गिरणीवाल्याचं खरं आहे पण ती सपाट पुली मोठी असेल तर. मोठ्या पुलीवर बेल्टला भरपूर मिठी मिळते. तुझ्याकडे सपाट पुली लहान आहे, चार इंची, त्यावर घसरणार. सपाटच ठेव.

---

गिरणीतला_नाना

हे बरोबर बोललात टर्नर भाऊ. दिवसभर चालवायची असेल तर बेअरिंगला माझाही विरोध नाही, फक्त पाया तसाच ठेवा.

पट्टा पिठाच्या गिरणीवाल्याकडचा नायलॉनचा घे, जोड चिकटवलेला, धातूची क्लिप मारलेला नको, ती क्लिप लहान पुलीवर टकटक करते आणि त्याचा ठसा लाकडावर लाटा होऊन उमटतो. मोटरची दहा इंची पुली करशील तेव्हा तिला मध्ये हलका फुगवटा ठेवायला सांग, फूटभर रुंदीला एक सूत (इंचाचा आठवा भाग) ह्या हिशोबाने, म्हणजे पट्टा मध्येच राहतो. पट्ट्याला राळ लावायची सवय लावून घेऊ नको, घसरत असेल तर मोटर मागे ओढ.

आणि मॅडमनी शिशाचं सांगितलं ते व्हाईट मेटल खरवडतानाही लक्षात ठेव, जुनं शिशाचं असू शकतं, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नको.

---

पांझराकाठचा_सुतार

नाना, रोज तासभरच चालणार, मी एकटाच आहे. व्हाईट मेटलच ओततो. टर्नर भाऊ, ब्लॉकचं तुम्ही म्हणता तसंच मागवतो, पण तो येईपर्यंत शाफ्टचं माप पाठवू का? दीड इंची म्हणालो ते पट्टीने मोजलंय.

---

अजिंठारोड_टर्नर

पट्टीचं माप पाठवू नको. जुना शाफ्टच घेऊन ये, पुलीकडची बाजू झिजून निमुळती झाली असणार, तीन ठिकाणी मायक्रोमीटर लावल्याशिवाय कळणार नाही. पुली पण आण, आतलं भोक आणि चावीची खाच बघावी लागेल. सोमवारी नको, लाईट नसते.